भांडी वाफेने निघतात की खाराने?

लोणारच्या सरोवराचे पाणी दोन बोटांमध्ये घेऊन चोळले, तर ते साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते. त्यात साबण कोणी कालवलेला नसतो. पाण्यातील सोड्याचा खार कातडीवरच्या स्निग्ध अंशाशी संयोग पावून तेथल्या तेथे किंचित साबण तयार करतो आणि बोटांना जाणवतो तो हाच. बुलढाणा जिल्ह्यातील या सरोवराची कीर्ती अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले विवर म्हणून जगभर पोचली आहे. मात्र काठावरच्या माणसांना त्याचे मोल शतकानुशतके वाटत आले ते या खारामुळे. अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’मध्ये लोणारच्या परिसरात काच व साबण करण्यास लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खाराचे थर उघडे पडत आणि ते गोळा केले जात. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या थरांना प्रतवारीनुसार नावे होती. साबणापासून पापडापर्यंत अनेक ठिकाणी या खाराचा उपयोग होई.

या जुन्या खाराची आठवण आज करण्याचे कारण शहरी स्वयंपाकघरातले आहे. घरगुती उपकरणांच्या जाहिरातींत सध्या ‘स्टीम’ या शब्दाची चलती आहे. इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र यांच्या पाठोपाठ भांडी धुण्याच्या यंत्रातही वाफ आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या महिलांना अनेक सोसायट्यांची फाटके बंद झाली आणि तोवर आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेल्या डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. भारतीय भांडी या यंत्रात निघत नाहीत, ही खरेदीदारांची जुनी शंका होती. करपलेली कढई, दुधाचे पातेले, पिठल्याची खरवड, हळदीचे डाग यांच्यापुढे परदेशी यंत्र काय करणार, असा तो प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून काही कंपन्यांनी कढईसाठी खास कार्यक्रम पुढे आणले, तर काहींनी वाफेचा आधार घेतला. वाफ ‘कोपऱ्याकोपऱ्यात शिरते’, ‘चिवट डाग सैल करते’, ‘जंतूंचा नायनाट करते’ असे सांगितले जाते. चाळीस-पन्नास हजारांच्या घरातील यंत्र घेताना वाफेसाठी आणखी काही हजार मोजावेत काय, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाही. तो जाहिरातीवर न सोडता विज्ञानाच्या साध्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

घासणे आणि धुणे

आपली भाषा या बाबतीत मोठी नेमकी आहे. मराठी माणूस कपडे धुतो, पण भांडी घासतो. घासणे ही वेगळी क्रिया आहे आणि तिच्यानंतर विसळणे येते. राख, माती, नारळाची शेंडी, तांब्या-पितळेला चिंच, ही सारी सामग्री घासण्याची. यंत्रात घासणे नाही. तेथे पाण्याचे फवारे आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन या महिलेने १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांपुढे आले. भांडी जाळीत पक्की बसवायची आणि त्यांच्यावर दाबाने पाणी मारायचे, हे त्यातले तत्त्व होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे.

मग घासण्याची उणीव भरून कशाने निघते? याचे उत्तर जर्मनीतील हेन्केल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये एका साध्या वर्तुळात मांडले. कोणत्याही धुलाईला चार गोष्टी लागतात. रसायन, यांत्रिक जोर, उष्णता आणि वेळ. वर्तुळाचा एक भाग लहान केला, तर दुसरा मोठा करावा लागतो. हाताने भांडी घासताना जोर भरपूर असतो, म्हणून थंड पाणी आणि सौम्य साबण पुरतो. यंत्रात जोर कमी, म्हणून रसायन तीव्र, पाणी गरम आणि वेळ दीड-दोन तासांचा किंवा त्याहून जास्त. हाताला सोसणार नाही एवढा अल्कधर्मी द्रव यंत्रात खुशाल वापरता येतो, कारण तेथे हात नसतो.

या यंत्रासाठी मिळणारी पावडर किंवा टॅब्लेट पाहिली, तर तिच्यात मुख्यत्वे सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा, डाग उडवणारे प्राणवायूयुक्त सोडियम परकार्बोनेट, पाण्याचा कठीणपणा आवरणारी द्रव्ये आणि विकरे म्हणजे एन्झाइम असतात. यातला सोडा हाच लोणारच्या पाण्यातला मुख्य खार. चुलीच्या राखेतही त्याचाच भाऊबंद, पोटॅशियम कार्बोनेट असते. ‘अल्कली’ हा शब्दच मुळात राखेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला आहे. राखेने भांडी घासणारी आजी आणि यंत्रात टॅब्लेट टाकणारी नात यांचे रसायनशास्त्र एकच आहे, हे आधी लक्षात घेतले की वाफेचे स्थान ठरवणे सोपे जाते.

वाफेच्या बाजूने

वाफेची बाजू दुबळी नाही आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. उकडीचे मोदक करणाऱ्या प्रत्येक घराला वाफेचे सामर्थ्य ठाऊक आहे. एक ग्रॅम पाणी वाफेतून परत पाण्यात येताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेच एक ग्रॅम उकळते पाणी ७० अंशांपर्यंत निवताना केवळ ३० कॅलरी देते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा भयंकर असतो, याचे कारण हेच.

हा हिशेब यंत्राला लावून पाहू. समजा आत १० किलो पोलादी भांडी आहेत आणि १०० ग्रॅम पाण्याची वाफ त्यांच्यावर सोडली. ती सारी भांड्यांवरच विरली असे धरले, तर भांड्यांचे तापमान सुमारे ४५ अंशांनी वाढू शकते. प्रत्यक्षात यंत्राच्या भिंतीही त्यातला मोठा वाटा घेतात, तरीही वाढ लक्षणीयच राहते. एवढी वाफ करायला एका युनिटच्या चौदाव्या भागाइतकी वीज लागते. म्हणजे थोड्या पाण्यात आणि माफक विजेत भांडी एकसारखी तापवण्याचे काम वाफ उत्तम करते. फवारा ज्या आडोशाला पोचत नाही, तेथेही ती पोचते, कारण वाफ जेथे थंड पृष्ठभाग सापडतो तेथे विरते. तूप आणि इतर स्निग्ध पदार्थ या तापमानाला पातळ होतात आणि पुढच्या फवाऱ्याला सहज सुटतात.

दुसरा फायदा ओलाव्याचा. रात्री जेवण झाले आणि यंत्र दुसऱ्या दिवशी भरले की ताटांवरचा भात, आमटी, वरण वाळून कडक झालेले असते. अशा वाळलेल्या खरकट्याला आरंभीची वाफ ओलावा देते. पुष्कळ कुटुंबे यंत्रात भांडी ठेवण्याआधी ती नळाखाली विसळून घेतात आणि यंत्राने वाचवलेले पाणी तेथेच घालवतात. आजच्या यंत्राला पूर्ण भरलेल्या साध्या फेरीसाठी सुमारे १० लिटर पाणी पुरते. नळाखाली विसळताना तेवढे पाणी काही मिनिटांत वाहून जाते. वाफेमुळे ही विसळण्याची सवय सुटणार असेल, तर तिचा उपयोग खरोखर आहे.

वाफेच्या मर्यादा

मात्र येथून पुढे जाहिरातीची भाषा आणि वस्तुस्थिती यांच्या वाटा वेगळ्या होतात. वरचाच हिशेब ओलाव्यासाठी करू. १० किलो पोलादी भांड्यांचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा धरला, तर दोन्ही बाजू मिळून त्यांचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन चौरस मीटर भरतो. १०० ग्रॅम पाणी त्यावर समान पसरले, तर थराची जाडी साधारण ३० मायक्रॉन होते. ही जाडी माणसाच्या केसापेक्षा कमी आहे. ताटावर पातळ वाळलेल्या आमटीला एवढा ओलावा पुरेल. कढईच्या तळाशी मिलिमीटरभर करपलेल्या थराला तो कसा पुरणार? रात्री कढईत पाणी घालून ठेवणे हा जुना उपाय त्या थराला भरपूर पाणी आणि आठ तासांचा वेळ देतो आणि त्याचे वीजबिल येत नाही.

तिसरी गोष्ट जोराची. यंत्रातील वाफ सर्वसाधारण हवेच्या दाबाजवळ असते. गॅरेजमध्ये किंवा उपाहारगृहात दाबाने मारल्या जाणाऱ्या वाफेशी तिचे नाते नावापुरते आहे. १०० अंशांवरच्या एक लिटर वाफेचे वजन जेमतेम ०.६ ग्रॅम भरते. पाण्याच्या फवाऱ्याला वस्तुमान असते, म्हणून तो आदळतो, खरवडतो आणि सुटलेला कण वाहून नेतो. वाफ कण सैल करील, पण त्याला उचलून गाळणीपर्यंत नेण्याचे काम पाण्यालाच करावे लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती समजावण्यासाठी लोणारसारखी दुसरी जागा नाही. या सरोवरात पावसाचे आणि झऱ्यांचे गोडे पाणी येते. बाहेर जाणारा प्रवाह मात्र एकही नाही. पाणी जाते ते प्रामुख्याने वाफ होऊन. जाताना ते आपल्याबरोबर खार नेत नाही. हजारो वर्षे पाणी उडत राहिले आणि खार साचत राहिला, म्हणून सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास पोचला. विवराच्या कडेवरील धारेचे पाणी गोडे आणि खाली तळाशी पसरलेले पाणी खारट, बुळबुळीत. दोहोंमध्ये काही मिनिटांच्या उताराचे अंतर आहे. धुण्याची शक्ती सरोवरात राहिली आणि वाफ रिकाम्या हाताने गेली.

डिशवॉशरमध्येही हेच घडते. वाफ म्हणजे शुद्ध पाणी. टॅब्लेटमधला सोडा उडत नाही, विकरे उडत नाहीत, परकार्बोनेट उडत नाही. वाफेच्या टप्प्यात भांड्यावर जे विरते, त्यात धुण्याचे द्रव्य नसते. करपलेल्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळण्याची रीत आपल्या घरांतून आहे. त्या पातेल्यातील काम तळाशी असलेले सोड्याचे गरम पाणी करते. वर निघणारी वाफ खिडकीची काच तेवढी धुरकट करते. यंत्रातील वाफेकडून पातेल्यातल्या पाण्याचे काम अपेक्षिणे योग्य नव्हे.

उष्णतेचेही एक दुधारी अंग आहे. अंड्याचा पांढरा बलक साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गोठतो. दुधातील प्रथिनेही तापमानाने भांड्याला चिकटतात. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ तोडणारी विकरे साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान जोमाने काम करतात आणि अति तापमानात निकामी होतात. त्यामुळे अंड्याचे किंवा दुधाचे ताजे खरकटे आधी कोमट पाण्याने भिजवून मग हळूहळू तापवणे हा शास्त्रशुद्ध क्रम ठरतो. आरंभीच कडक वाफ दिली, तर काही डाग सैल होतील, पण काही पक्केही होतील. वाफ शिजवते, हे मोदकाच्या बाबतीत वरदान असले तरी ताटाला चिकटलेल्या अंड्याच्या बाबतीत नाही.

आणि हळद? हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य प्लास्टिकच्या डब्यात मुरते आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. खार लागला की ते लालसर होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्यामागे हेच रसायन आहे. वाफेचा या रंगावर विशेष परिणाम होण्याचे कारण नाही. डबा दोन दिवस उन्हात ठेवला, तर रंग फिका पडतो, कारण कुर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही. येथे आजीचे ऊन यंत्राच्या वाफेला भारी पडते.

श्रेय कोणाचे?

तरीही ‘स्टीम’चा कार्यक्रम लावल्यावर भांडी अधिक स्वच्छ निघाली, असा अनुभव सांगणारी कुटुंबे आहेत आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. परंतु वाफेचा कार्यक्रम बहुधा अधिक लांब आणि अधिक तापमानाचाही असतो. सिनर यांच्या वर्तुळातील वेळ आणि उष्णता हे दोन्ही भाग एकाच वेळी वाढवले, तर भांडी अधिक स्वच्छ निघणारच. अशा वेळी सारे श्रेय वाफेच्या नावावर जमा करणे म्हणजे वऱ्हाडातल्या चांगल्या पावसाच्या वर्षी आलेल्या पिकाचे श्रेय नव्या फवारणीच्या औषधाला देण्यासारखे आहे. खरी तुलना करायची, तर यंत्र तेच, भांडी तीच, खरकटे तेच, टॅब्लेट तीच, पाण्याचे तापमान आणि वेळही तीच ठेवून केवळ वाफ चालू आणि बंद करून पाहिली पाहिजे. जाहिरातीतील ‘अधिक स्वच्छ’ या शब्दांपुढे ‘कशापेक्षा’ याचे उत्तर क्वचितच असते.

वर्तुळातील रसायनाचा भाग किती निर्णायक आहे, याचा पुरावा २०१० मध्ये अमेरिकेत मिळाला. त्या वर्षी तेथील अनेक राज्यांनी नदी-तलावांच्या रक्षणासाठी डिशवॉशरच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंधन घातले आणि उत्पादकांनी ते काढून टाकले. घरोघरची यंत्रे तीच होती, पाणी तेच होते, तापमान तेच होते. तरीही पेल्यांवर पांढरी झाक येते, ताटे खरखरीत राहतात, अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला. पुढे विकरे आणि अन्य द्रव्ये सुधारून कंपन्यांनी ही उणीव बरीचशी भरून काढली. पुडीतला एक घटक गेल्याने जे घडले आणि दुसरा आल्याने जे सावरले, तेवढा फरक वाफेने पडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांवर आहे.

यंत्रांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. त्यात ठरावीक ताटे आणि पेले दूध, चहा, खिमा, अंडे, ओटची लापशी, पालक, मार्गारिन यांनी मळवून, वाळवून यंत्रात घालतात आणि गुण देतात. पद्धत काटेकोर आहे, पण ताट युरोपचे आहे. हळदीची फोडणी, कणकेची परात, बेसनाची करपलेली कढई या पदार्थांच्या यादीत नाहीत. तेव्हा परदेशातील गुणपत्रिका दाखवून मराठी स्वयंपाकघरात यशाची हमी देणे अपुरे ठरते. भारतीय ताटाची प्रमाणित चाचणी आणि तिच्यात वाफेसह व वाफेविना मिळालेले गुण वेष्टनावर छापणे, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे यांमुळे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘वाफेमुळे स्वच्छ’ हा दावा करणाऱ्याने आकडा दाखवावा, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी नाही.

जंतू आणि कठीण पाणी

वाफेच्या दाव्यातील दुसरा भाग निर्जंतुकीकरणाचा. महासाथीनंतर त्याला विशेष धार आली. ९९.९९९ टक्के हा आकडा येथे वारंवार दिसतो. अमेरिकेतील घरगुती डिशवॉशरच्या आरोग्यविषयक मानकानुसार शेवटच्या विसळणीचे पाणी १५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६५.५ अंश सेल्सियस व्हावे लागते आणि जिवाणूंमध्ये ९९.९९९ टक्के घट दाखवावी लागते. याचा अर्थ हा टप्पा गाठण्यासाठी वाफ अपरिहार्य नाही. गरम पाणी पुरेसा वेळ दिल्यास ते काम होते. शिवाय निर्जंतुक आणि स्वच्छ यांत फरक आहे. करपलेला थर निर्जंतुक असू शकतो, म्हणून कोणी त्यात दूध तापवणार नाही. घरात तान्हे बाळ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण असेल, तर वाफेचा शेवटचा टप्पा समाधान देईल. एरवी ६५-७० अंशांचा कार्यक्रम पुरेसा आहे.

पाण्याच्या कठीणपणाचा मुद्दा मात्र महाराष्ट्रातील खरेदीदाराने नीट समजून घेतला पाहिजे, विशेषतः ज्यांच्या सोसायटीला कूपनलिकेचे पाणी येते त्यांनी. बेसाल्टच्या प्रदेशातील भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळदा जास्त असते. असे पाणी तापवले की त्यातील बायकार्बोनेटचे रूपांतर चुनखडीसारख्या थरात होते. आंघोळीच्या गीझरची कॉइल ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना हा थर ठाऊक आहे. ज्या यंत्रात वाफेसाठी वेगळी टाकी आहे, तेथे पाणी उडते आणि थर मागे राहतो. म्हणजे लोणारचीच गोष्ट, अगदी लहान टाकीत. यंत्रातील मृदुकरणाच्या कप्प्यात खास मीठ वेळेवर भरले नाही, तर सर्वांत आधी धोका होतो तो या वाफेच्या भागाला.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, वाफेपासून बनलेले पाणी क्षारमुक्त असल्यामुळे शेवटी दिलेली वाफ पेल्यांवर नवे डाग ठेवत नाही. पण विसळणीचे पाणीच कठीण असेल, तर पेल्यावर आधी बसलेले क्षार ती वाफ कितपत धुऊन काढणार? पेले चकचकीत ठेवण्याचा खात्रीचा मार्ग मृदू पाणी आणि विसळणीचे द्रव हाच आहे.

मोरीपलीकडे काय?

येथपर्यंतच्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. वाफ ही धुलाईची मदतनीस आहे, धुणारी नव्हे. वाळलेले खरकटे ओलावणे आणि तूप पातळ करणे यापुरता तिचा लाभ खरा आहे. करपलेली कढई, हळदीचे डाग आणि कठीण पाण्याची झाक या आपल्या घरांतील तीन मुख्य तक्रारींवर तिच्याकडे उपाय नाही. यंत्र घेताना फवाऱ्याचे हात किती, मोठी पातेली बसतात का, तापमान कुठवर जाते, मृदुकरणाचा कप्पा आहे का, गाळणी सहज निघते का, दुरुस्तीची सेवा आपल्या गावात आहे का, हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील आणि वाफ जवळपास त्याच किमतीत मिळत असेल, तर ती जरूर घ्यावी. केवळ तिच्यासाठी अधिक पैसे देण्याचे कारण दिसत नाही.

परंतु भांडी निघाली म्हणजे विषय संपला असे नाही. धुण्याची शक्ती पाण्यातल्या द्रव्यांत आहे, हे मान्य केले की ती द्रव्ये पुढे कोठे जातात, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मोठ्या शहरात मोरीतून गेलेले पाणी डोळ्यांआड होते आणि मग ते संपले असे आपण मानतो. लोणारला असे मानण्याची सोय नाही. विवराच्या काठावर वसलेल्या गावाचे सांडपाणी आणि आसपासच्या शेतांतून येणारी खते सरोवरात उतरल्याबद्दल संशोधक आणि पर्यावरणप्रेमी वर्षानुवर्षे चिंता व्यक्त करत आले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सरोवराच्या संवर्धनाच्या प्रश्नात लक्ष घातले. झऱ्यांच्या पाण्यात साबण लावून होणारे स्नान आणि धुणे हाही त्या चिंतेचा भाग होता. बंद खोऱ्यात पडलेले फॉस्फेट बाहेर जात नाही. ते शेवाळाला पोसते आणि राहते.

हे सरोवर बदलाला किती संवेदनशील आहे, ते जून २०२० मध्ये दिसले. खारटपणा वाढताच हॅलोआर्किया या खारप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे पाण्याचा रंग गुलाबी झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हे कारण नमुन्यांच्या अभ्यासातून पुढे आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील ही दुसरी रामसर जागा. ज्या पाण्यात निसर्गतःच धुण्याचा खार आहे, त्यालाच माणसाच्या धुण्याच्या पाण्यापासून वाचवण्याची वेळ यावी, हा विरोधाभास विचारात पाडणारा आहे. लोणारचा खार तेथल्या सूक्ष्मजीवांना हजारो वर्षे सवयीचा आहे. मोरीतून येणारे फॉस्फेट आणि कृत्रिम द्रव्ये तशी नाहीत.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या द्रव्यातील एका मात्रेतील फॉस्फरस ०.३ ग्रॅमपर्यंत मर्यादित केला. आपल्याकडील खरेदीदाराने निदान टॅब्लेटच्या पुडीवर ‘फॉस्फेटविरहित’ हे शब्द शोधावेत, पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे लागेल तेवढीच मात्रा घालावी आणि यंत्र पूर्ण भरल्याशिवाय चालवू नये. जाड खरकटे नळाखाली न धुता ओल्या कचऱ्यात काढावे. या चार सवयींनी पाणी, वीज, पैसे आणि नदी-तलाव यांचे जेवढे भले होईल, तेवढे वाफेच्या बटणाने होणार नाही.

पुढच्या वेळी दुकानात यंत्रासमोर उभे राहिलात आणि विक्रेत्याने काचेआडून उसळणारी वाफ दाखवली, तर ती जरूर पाहावी, कारण दृश्य आकर्षक असते. मग खाली जमलेल्या पाण्याविषयी विचारावे. भांडी त्या पाण्याने निघतात आणि शेवटी गावाच्या तळ्यात जाते तेही तेच पाणी.